सरावासाठी आलेल्या युद्धनौका किनाऱ्यावरून कशा ओळखायच्या

अनेक देशांच्या नौदलांचा संयुक्त सराव जाहीर झाला की सगळ्यांना विमानवाहू नौका बघायची असते. मी मात्र आधी टँकर शोधते, म्हणजे इतर नौकांना समुद्रातच इंधन देणारं जहाज. त्याच्या डेकवर उंच चौकटींसारखे खांब असतात आणि त्यांना जाड नळ्या टांगलेल्या असतात. भर समुद्रात टँकर आणि युद्धनौका एकाच वेगाने शेजारीशेजारी चालतात, मध्ये तार ताणली जाते आणि तारेवरून नळी पलीकडे सरकते. एका देशाच्या टँकरची नळी दुसऱ्या देशाच्या नौकेला नीट बसली, तरच दोन्ही नौदलांना लांबवर एकत्र राहता येतं. म्हणून तोफा-क्षेपणास्त्रांपेक्षा हा सराव मला मोलाचा वाटतो.

दुर्बीण ७×५० पुरते. जास्त मोठं दाखवणारी हातात थरथरते.

आता नौकेच्या अंगावरचा नंबर बघा. ब्रिटिश पद्धतीत, जी भारतानेही घेतली आहे, अंकांआधी अक्षर असतं : ‘डी’ म्हणजे विनाशिका, ‘एफ’ फ्रिगेट (विनाशिकेहून सहसा लहान युद्धनौका), ‘आर’ विमानवाहू, ‘एल’ सैनिक-रणगाडे उतरवणारी, ‘ए’ टँकरसारखी साहाय्यक नौका. आयएनएस विक्रांतवर ‘आर ११’ दिसेल. अमेरिकी आणि जपानी विनाशिकांच्या अंगावर नुसते अंक असतात, आणि इथेच नवखे फसतात. जपानची कोंगो वर्गातली (वर्ग म्हणजे एकाच आराखड्याच्या नौका) विनाशिका अमेरिकेच्या आर्ली बर्क वर्गावरूनच बेतलेली आहे; रडारचे अष्टकोनी सपाट पत्रे दोघींवर सारखेच. अशा वेळी मागच्या टोकाचं निशाण बघायचं. सूर्य आणि सोळा किरणं असली की जपान. पांढऱ्या कापडावर कोपऱ्यात युनियन जॅक आणि निळे तारे म्हणजे ऑस्ट्रेलिया, लाल तारे म्हणजे न्यूझीलंड. निशाणं सहसा सकाळी आठच्या सुमारास चढतात आणि सूर्यास्ताला उतरतात, त्यामुळे पहाटे जाऊन उपयोग नाही.

सरावाचे बहुधा दोन टप्पे असतात. बंदरातल्या टप्प्यात बैठका, एकमेकांच्या नौकांना भेटी, खेळांचे सामने. मग सागरी टप्पा. नौका बघायच्या तर पहिल्याच टप्प्यात जा. जागा कमी पडली की त्या एकमेकींना खेटून बांधतात, आतल्या नौकांचे नंबर झाकले जातात. तेव्हा थोडं बाजूला सरकून मागच्या भागावरचं नाव वाचता येतं का बघा.

मोबाइलवरच्या जहाजांच्या नकाशावर विसंबू नका : युद्धनौकांना आपली जागा प्रसारित करण्याचं बंधन नसतं. आणि कॅमेरा काढण्याआधी तिथली पाटी वाचा. मनाई असेल तर वहीत नंबर, निशाण आणि वेळ टिपा; वर्ग घरी बसूनही शोधता येतो.