दुसऱ्या फॅकल्टीचा पेपर कसा वाचायचा

इंजिनिअरिंगवाल्याच्या हातात समाजशास्त्राचा पेपर, म्हणजे संशोधनाचा लेख, द्या, पाच मिनिटांत विचारेल, "यात आकडे कुठायत?" समाजशास्त्रवाल्याला इंजिनिअरिंगचा द्या, तो म्हणेल, "सगळं ठीकय, पण हे करायचं कशासाठी?" आणि दोघंही पेपर बाजूला ठेवून देतात. मी पहिल्या गटातला. काही वर्षं फक्त सेन्सर आणि कंट्रोलचे पेपर वाचले, मग एका प्रोजेक्टमध्ये चांगलं चालणारं उपकरण लोक वापरत का नाहीत हे शोधायची वेळ आली आणि सोशल सायन्सचे पेपर वाचायला घेतले. पहिले दोन महिने पाण्यात गेले, कारण प्रत्येक पेपरला मी माझीच फूटपट्टी लावत होतो.

म्हणून आधी एवढंच करा. पेपर बरोबर का चूक हे नंतर ठरवू, सुरुवातीला शोधायचं की या विषयात पुरावा कशाला म्हणतात.

इंजिनिअरिंगमध्ये साधारणपणे पुरावा म्हणजे तुलना. आधीची पद्धत काय देत होती, माझी काय देते, दोन्ही एकाच टेस्टवर. २०१२ चं ॲलेक्सनेट घ्या, फोटो ओळखायला शिकवलेला कॉम्प्युटर प्रोग्रॅम. फोटोत काय आहे ते ओळखायची स्पर्धा, १००० प्रकारच्या वस्तू, शिकवायला १२ लाखांच्या आसपास फोटो, आणि प्रत्येक फोटोला पाच अंदाज बांधायची मुभा. ॲलेक्सनेटची चूक १५.३ टक्के आणि दुसऱ्या नंबरची २६.२. बास, पुढे फार वाद घालायला कुणाला जागाच उरली नाही. त्यामुळे असा पेपर वाचताना ॲबस्ट्रॅक्टनंतर (सुरुवातीच्या सारांशानंतर) थेट रिझल्टच्या टेबलवर जायचं आणि बघायचं की तुलना कुणाशी केलीय. दहा वर्षं जुन्या मेथडला हरवून कुणी पाठ थोपटून घेत असेल तर तिथंच पेन्सिलने खूण करा. मग टेस्ट कुठे झाली ते बघा, नुसतं सिम्युलेशन (कॉम्प्युटरवरची नक्कल) आहे का खरं हार्डवेअर, आणि हार्डवेअर असेल तर लॅबच्या टेबलावर का बाहेर ऊन-पावसात. इक्वेशन्स पहिल्या वाचनात सोडून दिल्या तरी चालतं, खरंच चालतं, फक्त कुठली गोष्ट गृहीत धरलीय ते वाक्य सोडू नका, ते बहुतेक वेळा इक्वेशन सुरू व्हायच्या आधी एका ओळीत लपलेलं असतं.

सोशल सायन्समध्ये अडचण अशी की समाज रिसेट करून परत चालवता येत नाही. किमान वेतन वाढवलं तर नोकऱ्या कमी होतात का, हे तपासायला तोच प्रांत वेतन न वाढवता पुन्हा जगवून बघता येत नाही ना. मग लोक डोकं चालवतात. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी काय केलं बघा: १९९२ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सीने किमान वेतन तासाला ४.२५ डॉलरवरून ५.०५ केलं, शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने केलं नाही, तर या दोघांनी सीमेच्या दोन्ही बाजूंची ४१० फास्ट फूड रेस्टॉरंट्स वाढीच्या आधी आणि नंतर तपासली. म्हणजे पेनसिल्व्हेनिया झाला त्यांचा बेसलाइन, ज्याच्याशी तुलना करायची तो! १९९४ च्या त्या पेपरात न्यू जर्सीतल्या नोकऱ्या कमी झाल्याचं दिसलं नाही, मग दुसऱ्या संशोधकांनी पगाराच्या नोंदी वापरून उलट निष्कर्ष काढला, त्यावर २००० साली पुन्हा उत्तर-प्रत्युत्तर झालं. इंजिनिअरला वाटतं हे काय, अजून ठरलंच नाही? पण अशा पेपरात वाचायची गोष्ट ती आहे, की तुलनेसाठी निवडलेला दुसरा गट खरंच तुलनेलायक आहे का. टेबल नंतर. कार्ड यांना २०२१ मध्ये अर्थशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा मिळाला.

आता सगळ्यात जास्त घोळ होतो तो शब्दांमुळे. एकच शब्द, दोन घरं. 'कोडिंग' म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर प्रोग्रॅम येतो, पण मुलाखतींवरच्या पेपरात कोडिंग म्हणजे लोक जे बोलले त्याच्या तुकड्यांना लेबलं लावणं, 'भीती', 'वेळेची अडचण', 'घरच्यांचं मत' अशी. मी एका पेपरात "दोघांनी स्वतंत्र कोडिंग केलं" वाचून सॉफ्टवेअर कुठलं ते शोधत बसलो होतो. 'बायस' इलेक्ट्रॉनिक्समध्ये आपण मुद्दाम देतो, ट्रान्झिस्टर नीट चालावा म्हणून, आणि सर्व्हेमध्ये तोच शब्द शिवी आहे, उत्तरं एका बाजूला झुकलीयत असं सांगणारी. 'मॉडेल' म्हणजे कुठे मशीनचं गणित, कुठे चार चौकोन आणि बाण. 'सिग्निफिकंट' तर दोन्हीकडच्या लोकांना फसवतो, त्याचा अर्थ मोठा किंवा महत्त्वाचा नाही, तर समजा खरंतर काहीच परिणाम नसता तरी नुसत्या योगायोगाने एवढा फरक दिसायची शक्यता कमी आहे एवढंच, आणि सॅम्पल (अभ्यासासाठी निवडलेले लोक) अवाढव्य असेल तर अगदी फालतू फरकही सिग्निफिकंट निघतो. म्हणून माझ्या वहीत शेवटची दोन पानं शब्दांसाठी राखीव आहेत, डावीकडे शब्द, उजवीकडे या पेपरात त्याचा अर्थ. डिक्शनरी बघू नका, पेपरातच लेखकाने व्याख्या दिलेली असते, ती उचला.

मोजमापाचंही तसंच. "विश्वास" कसा मोजणार, व्होल्टमीटर थोडाच आहे? तर प्रश्न विचारून. वर्ल्ड व्हॅल्यूज सर्व्हे नावाच्या, अनेक देशांत होणाऱ्या पाहणीत साधारण असा प्रश्न असतो, की बहुतेक लोकांवर विश्वास ठेवता येतो असं तुम्हाला वाटतं, का माणसांशी वागताना जपूनच राहायला हवं. आता हा प्रश्न वाचून स्वतःला विचारा की मी काय उत्तर दिलं असतं आणि देताना 'लोक' म्हणजे कोण डोळ्यासमोर आले, शेजारी का अनोळखी. मोजमाप किती पक्कं आहे याचा अंदाज यातून लगेच येतो. 'पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत' अशा पाच पायऱ्यांचे प्रश्न म्हणजे लिकर्ट स्केल, १९३२ पासून चालत आलेली पद्धत. तिथे सरासरी ३.७ आली असं लिहिलेलं असतं तेव्हा प्रश्नावली परिशिष्टात शोधा आणि मूळ प्रश्न वाचा, नाहीतर तो ३.७ हवेत लटकतो. आणि क्रॉनबॅक अल्फा नावाचा आकडा दिसला तर घाबरू नका, एकाच गोष्टीसाठी विचारलेले वेगवेगळे प्रश्न एकमेकांशी किती जुळून चालतात ते तो सांगतो, पण सगळे मिळून चुकीचीच गोष्ट मोजत असतील तर ते अल्फाला कळत नाही. सेन्सरवाल्यांना हे लगेच समजेल, रीडिंग दरवेळी सारखं येतं म्हणून ते खरं असतंच असं नाही.

सॅम्पलवरून भांडण ठरलेलं. शितावरून भाताची परीक्षा होते कारण सगळा भात एकाच पातेल्यात शिजलेला असतो, माणसं तशी नसतात, म्हणून 'किती लोक' याच्या आधी 'कुठले लोक आणि कसे निवडले' हे वाचायचं. पण छोटं सॅम्पल दिसलं की पेपर फेकूनही देऊ नका. मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा १९७३ चा ओळखीपाळखींवरचा पेपर, त्यात ओळखीतून नोकरी मिळालेल्या ५४ जणांचा हिशोब आहे: नोकरीची खबर देणारा माणूस नेहमी भेटणारा होता असे १६.७ टक्के, अधूनमधून भेटणारा ५५.६, क्वचित भेटणारा २७.८. म्हणजे जवळच्यांपेक्षा लांबच्या ओळखी कामाला आल्या, कारण जवळच्यांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीतच असतं. ५४ जणांवरून जगाची टक्केवारी काढायची नाहीये, कल्पना उचलायचीय. एखाद्या वस्तीत वर्षभर राहून लिहिलेल्या अभ्यासाचंही असंच, तिथे 'एन किती', म्हणजे किती जणांचा अभ्यास केला, हे विचारणं म्हणजे एकाच पुलाचा डिटेल अभ्यास केलेल्या माणसाला बाकीचे पूल कुठायत विचारणं. तिथे बघायचं की लेखक किती काळ होता, कुणाशी बोलला, कुणाशी बोलूच शकला नाही, आणि त्याच्या म्हणण्याविरुद्ध जाणारं काही त्याने लिहिलंय का.

विश्वास किती ठेवायचा? २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून बघितले गेले, मूळचे ९७ टक्के सिग्निफिकंट होते, पुन्हा केल्यावर ३६ टक्केच. इंजिनिअर लोक हा आकडा फार चवीने सांगतात, मीही सांगायचो, पण आपल्याकडे कितीतरी पेपरांचा कोड मिळत नाही, डेटा 'मागितल्यास देऊ' असतो, आणि मागितल्यावर ईमेलला उत्तर येत नाही. तेव्हा दोन्हीकडे एकच सवय ठेवा, एका पेपरवर निर्णय नाही, त्याच प्रश्नावरचे अजून दोन-तीन काढायचेच.

ते काढताना एक लक्षात असू द्या. कॉम्प्युटरच्या बाजूला कॉन्फरन्सचे पेपर जर्नलइतकेच, कधी जास्तच मानाचे असतात आणि पाच वर्षांपूर्वीचा पेपर म्हातारा वाटतो, समाजशास्त्रात १९७३ चा पेपर आजही रोज वापरात असतो आणि खूप महत्त्वाचं काम जर्नलमध्ये नसून पुस्तकात असतं. फक्त 'गेल्या तीन वर्षांतले' असा फिल्टर लावून शोधलंत तर अर्धा विषय गाळला जाईल.

दोन्ही गटांची गाठ पडलेली बघायची असेल तर लंडनच्या मिलेनियम ब्रिजवरचे पेपर वाचायला घ्या, सरावाला उत्तम. १० जून २००० ला पूल उघडला, लोक चालायला लागल्यावर आडवा डुलायला लागला, दोन दिवसांत बंद. डुलणाऱ्या पुलावर माणूस तोल सावरत चालतो, त्याची पावलं पुलाच्या हालचालीशी जुळायला लागतात आणि पूल अजून डुलतो. डॅम्पर (डुलणं शोषून घेणारी उपकरणं) बसवून २००२ मध्ये परत उघडला. त्यावरच्या एका पेपरात गणित आणि दुसऱ्यात माणसांच्या चालण्याचे प्रयोग असे दोन निवडा, आणि प्रत्येकाने काय गृहीत धरलंय ते एकेका ओळीत लिहून बघा. मला पहिल्यांदा त्या दोन ओळी लिहायला एक अख्खी संध्याकाळ लागली होती.