वर्गात व्हिडिओ लावायचाय? मग मधेच थांबवा

नववी-दहावीला जागतिक प्रश्न शिकवताना स्वीडिश डॉक्टर आणि आकडेतज्ज्ञ हान्स रोसलिंगचं २०१० मधलं वॉशिंग मशीनवरचं भाषण लावून बघा, जेमतेम ९ मिनिटांचं आहे, तासात आरामात बसतं. इंग्रजी आहे पण सबटायटल लावली की पोरं ओढून नेतात. नेट ऐनवेळी दगा देतंच त्यामुळं आदल्या दिवशीच डाउनलोड करून ठेवा.

मेन गोष्ट म्हणजे सलग दाखवू नका. त्याच्या हिशोबानं तेव्हाच्या ७ अब्ज लोकांपैकी ५ अब्ज हातानंच कपडे धुवायचे, हा आकडा आला की पॉज करा आणि विचारा, तुमच्याकडं कपडे कोण धुतं, आणि तो वेळ वाचला तर ती काय करेल? पहिली दोन मिनिटं शांतता असते, घाई करून आपणच उत्तर द्यायचं नाही (हे मास्तर लोकांना जड जातं). मग सोलापूरचा प्रश्न टाका, मशीन आलं पण नळाला रोज पाणीच नाही तर? सोलापूरला पाणी देणाऱ्या उजनी धरणापासून चर्चेची जी गाडी सुटते ती थेट वीज, कोळसा, हवामानबदलापर्यंत जाते. तेलुगू, कन्नड, मराठी, ज्याला जे जमतं त्यात बोलू द्या. राहिलेला व्हिडिओ शेवटी लावा.