कॉम्प्युटर आपोआप रीस्टार्ट होतोय? फॉरमॅट मारण्याआधी या चुका टाळा

डीटीपीचं काम करणाऱ्या एका ताईंचा डेस्कटॉप माझ्याकडे आला, तेव्हा त्याला दोनदा फॉरमॅट मारून झालं होतं. लग्नसराई सुरू, पत्रिकांची कामं अडलेली आणि तक्रार एकच: "दादा, प्रिंट दिली की पीसी रीस्टार्ट होतो." आधीच्या माणसाने प्रिंटरचा ड्रायव्हर बदलला, मग विंडोज नव्याने टाकलं, मग परत टाकलं. या भानगडीत डेस्कटॉपवर ठेवलेल्या पत्रिकांच्या फाइली आणि वर्षानुवर्षं जमवलेले मराठी फॉन्ट गेले ते गेलेच. माझ्या टेबलावर मात्र तो पीसी दोन दिवस अखंड चालला. एकदाही बंद पडला नाही.

म्हणून त्यांच्या दुकानात जाऊन बघितलं. टेबलाखाली ६०० व्हीएचा यूपीएस आणि त्याच्याच मागच्या सॉकेटात पीसी, मॉनिटर आणि लेझर प्रिंटर. टोनर वितळवून कागदावर बसवण्यासाठी लेझर प्रिंटरच्या आत एक हीटर असतो. प्रिंट सुटताना तो काही क्षण कित्येक शे वॉट ओढतो. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच पेलतो, त्यात बॅटरी तीन वर्षांची. हीटर पेटला की व्होल्टेज बसायचं, यूपीएस बॅटरीवर जायचा, बॅटरी तो भार घ्यायची नाही आणि पीसीचा सप्लाय क्षणभर तुटायचा. प्रिंटर भिंतीवरच्या वेगळ्या सॉकेटला लावला, बॅटरी बदलली. तक्रार तिथेच संपली.

ताईंनी "प्रिंट दिली की" असं पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं. अर्धं निदान त्यातच होतं. पीसी चालू केल्यावर पाच मिनिटांनी रीस्टार्ट होतो की गेम लावल्यावर? लाइट गेल्यावर इन्व्हर्टर लागतो तेव्हा की बोअरची मोटर सुरू होते तेव्हा? कॅबिनेटला पाय लागल्यावर? हे आठवडाभर कागदावर वेळेसकट लिहून ठेवा. ही नोंद न करता पार्ट बदलत सुटणं, ही मला दिसणारी सगळ्यात महागडी चूक आहे.

दुसरी चूक म्हणजे सगळं खापर व्हायरसवर फोडणं. या समजुतीला एक जुनं कारण आहे. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा वर्म (नेटवर्कवरून आपोआप पसरणारा व्हायरससारखा प्रोग्राम) पसरला होता आणि विंडोज एक्सपीवर ६० सेकंदांची उलटी मोजणी दाखवून तो मशीन रीस्टार्ट करवायचा. तेव्हापासून "रीस्टार्ट होतोय म्हणजे व्हायरस, मारा फॉरमॅट" हे डोक्यात बसलं ते बसलंच. फॉरमॅटचा विचार येण्याआधी एक साधी चाचणी करा. पीसी चालू करताना बायोसच्या (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या, मदरबोर्डवरच्या प्रोग्रामच्या) सेटअपमध्ये जा आणि अर्धा-पाऊण तास त्याला तिथेच राहू द्या. तिथेही रीस्टार्ट झाला, तर विंडोजचा काही संबंध नाही, कारण ते अजून सुरूच झालेलं नाही. मात्र तिथे टिकला म्हणून हार्डवेअर निर्दोष ठरत नाही. बायोसमध्ये ग्राफिक्स कार्डावर भार येत नाही, त्यामुळे अशक्त एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा कॅबिनेटमधला डबा) तिथे तग धरतो.

विंडोजमध्ये मुळातच एक खूण केलेली असते: बिघाड झाला की आपोआप रीस्टार्ट कर. त्यामुळे बिघाड दाखवणारा निळा स्क्रीन आला तरी तो डोळ्यासमोर टिकत नाही आणि तुम्हाला वाटतं, पॉवर गेली. अॅडव्हान्स्ड सिस्टीम सेटिंग्जमध्ये स्टार्टअप अँड रिकव्हरीच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ऑटोमॅटिकली रीस्टार्टची खूण काढा. पुढच्या वेळी निळा स्क्रीन थांबून राहिला, तर मोबाइलने त्याचा फोटो काढा.

मग इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची स्वतःची नोंदवही) उघडून विंडोज लॉग्जमधला सिस्टीम विभाग बघा. इथे बहुतेकांची फसगत होते. "कर्नल-पॉवर, इव्हेंट ४१" दिसलं, त्यात पॉवर हा शब्द दिसला, की लोक थेट नवा एसएमपीएस घेऊन येतात. ४१ चा अर्थ इतकाच, की मागच्या वेळी पीसी रीतसर बंद झाला नव्हता. कारण ती नोंद सांगत नाही. त्याच नोंदीच्या डिटेल्समध्ये बगचेक कोड बघा. तिथे शून्याशिवाय दुसरा आकडा असेल, तर निळा स्क्रीन येऊन गेलेला आहे. ड्रायव्हर किंवा रॅमकडे वळा. शून्य असेल, तर सप्लाय तुटला, रीसेट लागला किंवा मशीन जागीच गोठलं. आणि रीस्टार्टच्या वेळेला इव्हेंट १०७४ दिसला, तर कुठल्या तरी प्रोग्रामने किंवा अपडेटने रीतसर सांगून रीस्टार्ट करवलाय. तिथे अपडेटचे अॅक्टिव्ह अवर्स तुमच्या कामाच्या वेळेनुसार लावले की बहुतेक वेळा भागतं.

एसएमपीएसबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. एसएमपीएस मदरबोर्डला "पॉवर गुड" नावाचा एक सिग्नल देत असतो. व्होल्टेज ठीक नाही असं वाटताक्षणी तो सिग्नल काढून घेतला जातो आणि बोर्ड रीसेट होतो. म्हणजे तो अचानक रीस्टार्ट हे पुष्कळदा संरक्षण असतं. १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ च्या दरम्यान हवी, ५ व्होल्टची ४.७५ ते ५.२५ च्या. हिरवी आणि काळी वायर जोडून पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस चांगला, असं समजू नका. पंखा फिरवायला भार किती लागतो? खरी परीक्षा भाराखाली होते. ओळखीच्याकडून चांगल्या कंपनीचा, पुरेशा वॉटचा एसएमपीएस दोन दिवस लावून बघणं सगळ्यात खात्रीचं. आणि जुना घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये जोरदार झटका देईल इतका चार्ज राहू शकतो.

घरात इन्व्हर्टर असेल, तर त्याच्यावरचं बटण बघा. बऱ्याच इन्व्हर्टरना नॉर्मल आणि यूपीएस असे दोन मोड असतात. सप्लाय तुटल्यावर एसएमपीएस साधारण १६ मिलिसेकंद स्वतःच्या साठ्यावर तग धरतो. नॉर्मल मोडमध्ये इन्व्हर्टर बदलायला त्याहून जास्त वेळ घेऊ शकतो. ट्यूब मिचमिचते तेवढ्यात पीसी गेलेला असतो. बटण यूपीएसवर करा. एवढ्या एका बटणावर काही घरांतली तक्रार मिटलेली मी पाहिली आहे.

उष्णतेच्या बाबतीत, प्रोसेसर फार तापला की आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि मग पीसी बहुधा पूर्ण बंदच होतो. त्यामुळे बंद होतो की रीस्टार्ट होतो, हे नीट बघा. कूलर बोर्डला धरून ठेवणाऱ्या चार पिनांपैकी एखादी सुटली असेल, तर प्रोसेसर आणि कूलरच्या मध्ये नवी पेस्ट लावूनही फरक पडत नाही. चारही कोपरे बोटाने हलवून बघा. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, मोकळा भन्नाट फिरू देऊ नका.

रॅमच्या दोन्ही पट्ट्या एकदम काढून, खोडरबरने पुसून, एकदम लावल्या तर दोष कुठे होता ते कधीच कळत नाही. एक पट्टी ठेवा, दिवसभर वापरा, मग दुसरी. रॅम तपासणारा मेमटेस्ट हा प्रोग्राम रात्रभर चालू द्या. रॅमचा वेग वाढवणारं एक्सएमपी चालू असेल, तर आधी ते बंद करून बघा. बायोसचा नाण्याएवढा सीआर २०३२ सेल मात्र रीस्टार्टसाठी उगाच बदलला जातो. तो उतरला तर घड्याळ आणि सेटिंग जातात, चालू पीसी बंद पडत नाही.

फुकटची एक तपासणी बहुतेकजण विसरतात. कॅबिनेटच्या पुढच्या रीसेट बटणाची दोन पिनांची वायर मदरबोर्डवरून काढून ठेवा. धूळ-चिकटाने बटण अर्धवट दबलेलं असतं किंवा वायरचं आवरण सोललेलं असतं, आणि नुसत्या धक्क्याने रीसेट लागतो. ही वायर नसली तरी पीसी व्यवस्थित चालतो.

कॅबिनेटच्या पत्र्याला उघडा हात लावला की मुंग्या येतात का? मग अर्थिंग नाही किंवा तुटलेलं आहे. एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरमधून आलेली वीज जमिनीत जायला वाट मिळत नाही, म्हणून ती पत्र्यावर जाणवते. तीन पिनांच्या प्लगची वरची जाड पिन कापून टाकलेली असेल, तर असं होणारच. अशा वेळी पीसी बंद करा, प्लग काढा आणि कॉम्प्युटरवाल्याच्या आधी वायरमनला बोलवा.