टॉप-अप की सुपर टॉप-अप?

निवृत्तीनंतर मूळ आरोग्य विम्याला जोड घ्यायची तर या दोन नावांत गल्लत करू नका. समजा, डिडक्टिबल (ही जोड लागू होण्याआधी आपण किंवा मूळ विम्याने उचलायचा खर्च) ५ लाखांचं आहे आणि वर्षात दोनदा दवाखान्यात दाखल व्हावं लागलं. एकदा ४ लाख, एकदा ३ लाख खर्च. टॉप-अप प्रत्येक वेळचं बिल वेगळं मोजतो, म्हणजे हाती शून्य. सुपर टॉप-अप वर्षभराची बेरीज धरतो आणि वरचे २ लाख देतो. उतारवयात दुखणं एकदाच येऊन थांबत नाही, त्यामुळे हप्ता थोडा जास्त पडला तरी माझं मत दुसऱ्यालाच. दवाखान्यात असेपर्यंत रोज ठरावीक रक्कम देणारी पॉलिसी वरखर्चाला बरी, मोठ्या बिलापुढे तोकडी. आणि हो, जुन्या आजारांचा प्रतीक्षा काळ, म्हणजे त्यांचा खर्च विम्यातून मिळत नाही तो सुरुवातीचा काळ, सही करण्याआधीच वाचा.