परदेशात क्रेडिट कार्डावर उचल घेताना

छपाईची यंत्रं बसवून द्यायची आणि तिथल्या माणसांना ती चालवायला शिकवायची, हे माझं काम. त्यामुळे वर्षातून चार-पाच वेळा दोन-तीन आठवड्यांसाठी परदेशात जाणं होतं. बहुतेक ठिकाणी कार्ड चालतं. पण रात्री उशिराची टॅक्सी, कारखान्याजवळचं छोटं लॉज, नाण्यांवर चालणारं कपडे धुण्याचं मशीन, अशा जागी रोख नसेल तर अडून बसावं लागतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. रोख काढायला क्रेडिट कार्ड हा सहसा सगळ्यात स्वस्त मार्ग नसतो. परदेशी व्यवहारावर कमी शुल्क घेणारं डेबिट कार्ड असेल तर ते आधी वापरा. पण डेबिट कार्ड ब्लॉक होतं, हरवतं, एखाद्या एटीएम मशीनला चालत नाही. अशा वेळी हाताशी क्रेडिट कार्डच उरतं. नीट वापरलं तर त्याचा भुर्दंड मर्यादेत ठेवता येतो, आणि तो ठेवता यावा म्हणून हे लिहितोय.

क्रेडिट कार्डाने रोख काढणं, बँका ज्याला कॅश अ‍ॅडव्हान्स म्हणतात, ती म्हणजे सरळसरळ उचल. कार्डाने वस्तू घेतली तर बिल भरायच्या शेवटच्या तारखेपर्यंत बिनव्याजी मुदत मिळते. उचलीला सहसा ती नसते, पैसे हातात पडल्या दिवसापासून व्याज चालू होतं. वर चार वेगवेगळे हात आपल्या पैशांत पडतात: उचलीचं शुल्क, परकी चलनाचा मार्कअप (म्हणजे परदेशी व्यवहारावर बँक लावते तो जादा आकार), रोजचं व्याज आणि ज्याचं मशीन आहे त्याचं भाडं. समजा २०० युरो काढले. उचलीचं शुल्क ३ टक्के म्हणजे ६ युरो. मार्कअप ३ टक्के, आणखी ६. व्याज वर्षाला ३६ टक्के धरलं आणि पैसे महिन्याने भरले तर जवळजवळ ६. मशीनचे ५. एकूण २३ युरो, म्हणजे साडेअकरा टक्के. आता यातलं व्याज आणि मशीनचं भाडं टाळता आलं तर तोच खर्च १२ युरोंवर येतो. कार्डाला मार्कअप नसेल तर ६ वर. म्हणजे कुठली रक्कम आपल्या हातात आहे आणि कुठली नाही, एवढं ओळखलं की अर्धं काम झालं.

व्याज पूर्णपणे आपल्या हातात असतं. निघण्यापूर्वीच कार्डाच्या खात्यात थोडे जास्तीचे पैसे भरून ठेवायचे, म्हणजे खातं जमेत राहतं. उचल त्या जमेतून गेली तर व्याज लागायला काही उरतच नाही. मात्र हे करण्याआधी कार्ड देणाऱ्या बँकेला फोन करून दोन प्रश्न विचारा: जमेतून रोख काढली तर व्याज लागतं का, आणि उचलीचं शुल्क तरीही लागतं का? दुसऱ्याचं उत्तर बहुधा 'हो' येतं. खूप मोठी रक्कम जमा ठेवू नका, काही बँका ती परत पाठवतात किंवा खुलासा मागतात. आधी भरणं जमलं नाही तर काढलेल्या रात्रीच अ‍ॅपवरून भरून टाका. २०० युरोंवर ३६ टक्क्यांनी दोन दिवसांचं व्याज ४० सेंटसुद्धा होत नाही. एक अडचण मात्र लक्षात ठेवा. कार्डावर आधीच खरेदीची बाकी असेल तर भरलेले पैसे काही ठिकाणी आधी खरेदीकडे वळतात आणि उचल तशीच व्याज खात राहते. म्हणून प्रवासाला निघताना कार्डाची बाकी शून्य असावी.

उचलीच्या शुल्काला बहुतेक वेळा किमान रक्कम असते, आणि थोडे थोडे पैसे काढणाऱ्याला तीच बुडवते. किमान ६ युरो असेल तर ४० युरो काढल्यावर शुल्कच १५ टक्के झालं. पाच वेळा ४० काढले तर ३० युरो गेले. तेच २०० एकदम काढले असते तर ६. थायलंडसारख्या देशात तर परदेशी कार्डावर मशीनही दर खेपेला २०० बाहतच्या वर घेतं. म्हणून आठवड्याची रोख गरज मोजा आणि एकदाच काढा. फक्त आकडा अगदी गोल ठेवू नका. २०० ऐवजी १९० मागितले तर सुट्या नोटा मिळण्याची शक्यता वाढते, आणि टॅक्सीवाल्याला नेमक्या त्याच हव्या असतात.

आता ज्यात सगळ्यात जास्त पैसे जातात आणि तरीही लोक ज्याच्याकडे लक्ष देत नाहीत, ती गोष्ट. प्रागमध्ये मी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या एका मशीनमधून ४,००० कोरुना काढत होतो. पिन टाकला, रक्कम टाकली आणि पडद्यावर माझ्या घरच्या चलनातला आकडा आला. खाली 'खात्रीचा दर' असं काहीसं लिहिलेलं. उजवीकडे मोठं हिरवं बटण, 'स्वीकारा'. डावीकडे बारीक राखाडी अक्षरांत 'रूपांतराशिवाय पुढे जा'. मागे रांग होती. मी हिरवं बटण दाबलं. रात्री व्हिसाच्या संकेतस्थळावरच्या कॅल्क्युलेटरमध्ये तोच व्यवहार घालून पाहिला, तर फरक अकरा टक्क्यांच्या वर. मन फार खट्टू झालं.

याला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात. आपल्या चलनात रूपांतर करायचा दर इथे मशीनवाला ठरवतो, आणि त्यातला नफा त्याच्या बाजूला जातो. रूपांतर नाकारलं की व्यवहार स्थानिक चलनात होतो आणि व्हिसा किंवा मास्टरकार्डचा दर लागतो. तो दर घाऊक बाजाराच्या खूप जवळ असतो. म्हणून प्रत्येक वेळी, प्रत्येक मशीनवर, स्थानिक चलनच निवडायचं. दुकानात कार्ड मशीन पुढे केलं जातं तेव्हाही हेच. काही बँका तर मशीनवाल्याचं रूपांतर स्वीकारल्यावरही आपला परदेशी व्यवहाराचा आकार लावतातच, म्हणजे दुहेरी फटका.

गेल्या वर्षी माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका नव्या मुलाचा विमानतळावरून फोन आला. "सर, मशीन विचारतंय रूपांतर हवं का. नको म्हटलं तर पैसे येणार नाहीत असं वाटतंय." त्याला म्हटलं, "नको दाब आणि थांब." दहा सेकंदांत नोटा आल्या. नाकारल्याने पैसे मिळायचे थांबत नाहीत. पडद्याची मांडणीच अशी असते की माणसाला तसं वाटावं. आणि एखादं मशीन खरोखरच अडून बसलं, तर 'रद्द' दाबून कार्ड काढून घ्यायचं आणि दुसरं शोधायचं.

मशीनही निवडून घ्यावं. विमानतळावर, पर्यटकांच्या चौकात, दारूच्या दुकानाशेजारी एकटंच उभं असलेलं मशीन मी टाळतो. खऱ्या बँकेच्या शाखेला चिकटलेलं मशीन बघतो, आणि शक्यतो शाखा उघडी असताना जातो. कार्ड गिळलं गेलं तर आत जाऊन बोलता येतं. जपानमध्ये पुष्कळ बँकांची मशीनं परदेशी कार्ड घेत नाहीत. तिथे सेव्हन-इलेव्हन दुकानांतली सेव्हन बँकेची किंवा पोस्टाची मशीनं चालतात. खात्याचा प्रकार विचारला तर 'क्रेडिट' निवडा. मशीन स्वतःचं भाडं घेणार असेल तर बहुतेक ठिकाणी आधी पडद्यावर सांगतं, तिथे रद्द करायला संकोच नको. नोटा आल्या नाहीत आणि पैसे मात्र वजा झाले, असं घडलं तर पावती, वेळ आणि मशीनचा क्रमांक यांचा तिथेच फोटो काढा. तक्रारीत हेच कामी येतं.

परकी चलनाच्या काउंटरवर क्रेडिट कार्डाने नोटा विकत घेणं, किंवा कार्डावरून वॉलेट भरणं, हा उचल टाळायचा मार्ग आहे असं पुष्कळांना वाटतं. बऱ्याच बँका असे व्यवहारही उचलच धरतात. 'कमिशन नाही' या पाटीवरही विसंबू नका, तिथली कमाई खरेदी-विक्रीच्या दरातल्या फरकात असते. मार्कअप नसलेल्या कार्डाबद्दलही एवढं विचाराच, की ही सवलत फक्त खरेदीला आहे की रोख काढण्यालाही?

मला सगळ्यात आवडलेली युक्ती मात्र मशीनविनाच आहे. आम्ही पाच-सहा जण एकत्र असतो तेव्हा जेवणाचं, गाडीचं, तिकिटांचं सगळं बिल मी माझ्या कार्डावर भरतो आणि बाकीचे आपापला वाटा रोख मला देतात. बँकेच्या लेखी ती साधी खरेदी, म्हणून उचलीचं शुल्क नाही, पहिल्या दिवसापासूनचं व्याज नाही, मशीनचं भाडं नाही. मार्कअप असेल तर तेवढाच, आणि तोही मी सगळ्यांत वाटून घेतो. गेल्या दोन्ही दौऱ्यांत यामुळे मला मशीनपाशी एकदाच जावं लागलं.

निघण्यापूर्वीची तयारी थोडी आहे. क्रेडिट कार्डाचा पिन अनेकांना माहीतच नसतो, तो घरीच सेट करून एकदा वापरून पाहा. चार अंकी ठेवा, लांब पिन सगळीकडे चालेलच असं नाही. अ‍ॅपमध्ये परदेशी व्यवहार आणि एटीएम हे दोन्ही चालू आहेत का, हे बघा. रोख मर्यादा एकूण मर्यादेपेक्षा बरीच कमी असते, ती वाचून घ्या. दुसरं कार्ड वेगळ्या पिशवीत.

परत आल्यावर पुढचं बिलही उघडून बघा. उचल पूर्ण फेडली तरी फेडण्याच्या दिवसापर्यंतचं थोडं व्याज पुढच्या बिलात येऊ शकतं. रक्कम क्षुल्लक असते म्हणून ती राहून जाते, आणि मग तिच्यावर उशिराचा दंड बसू शकतो.