कॅमशाफ्ट काढण्याआधी: जुन्या इंजिनासाठी तयारीची यादी

कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, काढायचा ठरला की हात आपसूक पान्यांच्या पेटीकडे जातो. माझा आग्रह आहे की आधी वही आणि पेन घ्या. शाफ्ट बाहेर काढणं फार अवघड नसतं. स्प्रॉकेटचे, म्हणजे चेनच्या दातेरी चाकाचे, बोल्ट सुटले, बेअरिंगच्या कॅप निघाल्या की तो हातात येतो. खरं काम आहे ते त्याच टायमिंगला, तेच टॅपेट त्याच लोबखाली ठेवून तो परत बसवण्याचं. लोब म्हणजे शाफ्टवरचा उंचवटा आणि टॅपेट म्हणजे लोबचा धक्का व्हॉल्व्हकडे पोचवणारा तुकडा. इंजिन उघडण्याआधी जे मोजता येतं ते उघडल्यावर मोजता येत नाही, म्हणून या यादीतला मोठा भाग पहिला नट सुटण्याआधीचा आहे.

सगळ्यात आधी कॅम कुठे आहे ते नीट समजून घ्या, कारण त्यावर दिवसाचा सगळा हिशोब ठरतो. जॅग्वारच्या 1948च्या एक्सके इंजिनात दोन कॅम हेडच्या माथ्यावर आहेत. झाकणं काढली की समोर दिसतात. ऑस्टिन ए30 बरोबर 1951मध्ये आलेल्या ए-सिरीज इंजिनात एकच कॅम आहे आणि तो ब्लॉकच्या पोटात. असा कॅम गाडीतच काढायचा म्हटलं तर इंजिनाच्या तोंडापुढे शाफ्टच्या लांबीइतकी मोकळी जागा लागते, म्हणजे रेडिएटर आणि बहुतेक वेळा ग्रिलही उतरवावं लागतं. फोक्सवॅगन बीटलच्या एअर-कूल्ड इंजिनात तर क्रँककेसचे दोन भाग वेगळे केल्याशिवाय कॅम निघतच नाही. तिथे इंजिन खाली उतरवायचीच तयारी ठेवा.

त्या मॉडेलचं, त्या सालाचं वर्कशॉप मॅन्युअल जवळ हवं. टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्ह बंद असताना राहणारी बारीक फट), कॅपच्या नटांचा टॉर्क आणि कॅप सोडण्याचा क्रम, एवढं वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवा, म्हणजे तेलकट हातांनी पानं उलटावी लागणार नाहीत.

आता पाने. जुन्या ब्रिटिश गाडीवर काम करत असाल तर मेट्रिक पान्यांची पेटी बाजूला ठेवा. महायुद्धाआधीच्या आणि नंतरच्या काही वर्षांतल्या गाड्यांवर व्हिटवर्थ आणि बीएसएफ हे जुने ब्रिटिश आटे सापडतात, त्यानंतरच्यांवर बहुतेक यूएनएफ हे इंची बारीक आटे, ज्यांना एएफ पाने लागतात, म्हणजे नटाच्या समोरासमोरच्या सपाट बाजूंमधल्या अंतरावरून मापलेले. अर्धा इंच एएफ म्हणजे 12.7 मिमी. त्यावर 13चा पाना बसल्यासारखा वाटतो, जोर लावला की नटाचे कोपरे मारतो. पाव इंच व्हिटवर्थचा नट 13.3 मिमीचा असतो. त्यावर 13चा चढत नाही आणि 14चा घसरतो. सहा कोनी गोट्या (सॉकेट) वापरा. आधीच झिजलेल्या नटावर बारा कोनी गोटी घसरते. टॉर्क रेंच छोट्या रेंजचा हवा. हेड बोल्टसाठीचा मोठा रेंच अगदी खालच्या आकड्यांवर भरवशाचा नसतो आणि कॅपचे नट नेमके तिथेच येतात. लॉक पट्ट्या सपाट करायला बोथट छिन्नी, लॉकिंग वायर कापायला चांगली पक्कड, प्लास्टिकची किंवा कच्च्या चामड्याची हातोडी, टेलिस्कोपिक मॅग्नेट, फिलर गेज, मायक्रोमीटर, डायल गेज. हेड ॲल्युमिनियमचं असेल तर डायल गेजचा मॅग्नेटिक स्टँड त्याला चिकटणार नाही. मोकळ्या स्टडवर नटाने बांधता येईल अशी लोखंडी पट्टी आधीच करून ठेवा. गंजलेल्या नटांवर आदल्या दिवशीच पेनिट्रेटिंग ऑइल सोडा.

बॅटरीची अर्थ वायर काढा, सगळे स्पार्क प्लग काढा. प्लग नसले की इंजिन हाताने हलकं फिरतं आणि कुठे अडलं तर ते हाताला कळतं. स्टार्टरने इंजिन फिरवू नका.

मग क्लिअरन्स. इंजिन पूर्ण थंड असताना प्रत्येक व्हॉल्व्हचं क्लिअरन्स मोजा आणि तक्ता आखून लिहा. स्क्रूने ॲडजस्ट होणारे रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे छोटे दांडे) असतील तर हे सोपं आहे, नंतरही जमतं. पण बकेट टॅपेटखाली, म्हणजे बादलीच्या आकाराच्या टॅपेटखाली, शिम (जाडी जुळवणारी चकती) असेल, तर शिम बदलायला कॅम काढावाच लागतो, म्हणून आजचा आकडा अतिशय मोलाचा. हिशोब सरळ आहे: जुन्या शिमची जाडी, अधिक मोजलेलं क्लिअरन्स, वजा हवं असलेलं क्लिअरन्स. जॅग्वारच्या एक्सकेमध्ये या शिमवर इंग्रजी अक्षरं असतात, ए म्हणजे.085 इंच, पुढे प्रत्येक अक्षराला हजारावा भाग वाढत झेड म्हणजे .110. समजा इनटेक व्हॉल्व्हला .008 मोजलं, हवं .004, आणि खाली एच म्हणजे .092ची शिम निघाली. 92 अधिक 8 वजा 4, म्हणजे .096ची, एल अक्षराची शिम लागेल. अक्षर पुसलं गेलेलं असतं किंवा शिम झिजलेली असते, तेव्हा अक्षरावर विसंबू नका, मायक्रोमीटर लावा. आज मोजमाप घेतलं नाही तर कॅम एकदा नुसता मोजायला बसवावा लागेल आणि शिम बदलायला पुन्हा काढावा लागेल.

त्यानंतर टीडीसी, म्हणजे पिस्टन अगदी वर असतो ती जागा. चार-स्ट्रोक इंजिनात क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक होतो, म्हणून पुलीवरची खूण जुळली एवढ्याने भागत नाही. पहिल्या सिलिंडरच्या दोन्ही लोबची टोकं टॅपेटपासून दूर आणि डिस्ट्रिब्युटरचा रोटर त्याच सिलिंडरच्या वायरकडे, असं असेल तरच ते कॉम्प्रेशनचं टीडीसी. पहिला सिलिंडर कुठला हेही मॅन्युअलमध्ये बघा. एक्सकेमध्ये जॅग्वारने आकडे मागून मोजले आहेत, त्यामुळे पुढचा सिलिंडर सहावा. जुन्या पुलीत आतला आणि बाहेरचा भाग रबराने जोडलेला असेल तर रबर सैल होऊन बाहेरची कडी सरकलेली असू शकते, खुणेसकट. शंका असली तर प्लगच्या भोकात पिस्टन-स्टॉप, म्हणजे पिस्टनला अडवणारी खुंटी, बसवा, इंजिन हाताने हळूच फिरवून पिस्टन टेकेल तिथे पुलीवर खूण करा, मग उलट्या बाजूने टेकवून दुसरी खूण करा. दोन्हींच्या बरोबर मध्ये टीडीसी. हे चेन आणि तिला ताणून धरणारा टेन्शनर जागेवर असतानाच उरका, आणि शेवटी इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने फिरवत टीडीसीला आणून थांबा. स्प्रॉकेट, चेनची कडी आणि कॅमचा फ्लँज यांवर पेंट मार्करने खुणा करा, फोटो काढा. फोटो सरळ समोरून घ्या. तिरक्या फोटोत एक दात मागे की पुढे ते कळत नाही.

स्प्रॉकेट सोडण्याआधी चेनच्या बोगद्यात स्वच्छ कापड गच्च कोंबा. किती तुकडे कोंबले ते वहीत लिहा. तिथून खाली पडलेला वॉशर ऑइल पॅनमध्ये जातो आणि मग पॅन काढायचं काम वाढतं. टेन्शनर कुठल्या प्रकारचा आहे ते बघून घ्या. रॅचेटवाला असेल तर मोकळा झाल्यावर तो बाहेर उसळून तिथेच अडकतो, म्हणून आधी मागे घेऊन लॉक करा. चेन तारेने वर बांधून ठेवा. एक्सकेमध्ये प्रत्येक स्प्रॉकेट दोन बोल्टांवर असतं, त्यांना लॉकिंग वायर असते, आणि बोल्ट निघाल्यावर स्प्रॉकेट चेनसकट आपल्या ब्रॅकेटवर वर सरकवून ठेवता येतं. फार सोयीची रचना आहे ती. इतर इंजिनांत बोल्ट सोडताना शाफ्ट धरायला एक जाड पट्टी आणि स्प्रॉकेटच्या भोकांत बसतील असे दोन बोल्ट, एवढं हत्यार घरी बनवता येतं. टायमिंग जुळवायच्या गेजने शाफ्ट धरू नका. ते गेज वाकलं की पुढची सगळी टायमिंगं चुकतात.

इथून पुढे, कॅम जागेवर आणि चेन सुटलेली असताना, क्रँकही फिरवायचा नाही आणि कॅमही नाही. व्हॉल्व्ह पिस्टनला भिडतात आणि एक्सकेसारख्या तिरक्या व्हॉल्व्हच्या हेडमध्ये इनटेक-एक्झॉस्ट एकमेकांनाही भिडतात.

कॅपपाशी घाई करू नका. व्हॉल्व्हचे स्प्रिंग शाफ्टला खालून सतत वर रेटत असतात. एका टोकाची कॅप पूर्ण सोडली की सगळा जोर उरलेल्यांवर येतो. कॅम बहुधा ओतीव लोखंडाचा असतो, लोब कडक पण शाफ्ट ठिसूळ, आणि तो वाकत नाही, तुटतो. तो वाचला तर ॲल्युमिनियममधले स्टडचे आटे जातात. म्हणून प्रत्येक नट अर्धा फेरा, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा, आणि पुन्हा पहिल्यापासून. दर फेरीला वाकून कॅप आणि हेडमधली फट बघा. ती सगळीकडे सारखी उघडायला हवी. ज्या लोबखाली व्हॉल्व्ह दाबलेला आहे त्याच्या शेजारची कॅप सगळ्यात शेवटी मोकळी होऊ द्या. नट हाताने फिरू लागले आणि शाफ्ट आपसूक थोडा वर आलेला दिसला की स्प्रिंगचा जोर संपला. कॅप डॉवेलवर (तिची जागा धरणाऱ्या खुंटीवर) अडकली तर प्लास्टिकच्या हातोडीने आडवी हलकी टिचकी मारा; फटीत स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलं तर तो ओरखडा कायमचा. कॅप आणि हेड एकत्र धरून बोअर केलेलं असतं, त्यामुळे प्रत्येक कॅपची जागा आणि तोंड ठरलेलं आहे. आकडे कोरलेले असतात. नसले तर कॅपच्या बाहेरच्या अंगाला खूण करा, बसण्याच्या पृष्ठभागावर कधीही नाही.

बकेट ठेवायला कप्पे असलेला, आकडे घातलेला ट्रे आधीच तयार हवा. व्हॉल्व्ह घासायच्या काठीची रबरी चूषक टोपी बकेट उचलायला उत्तम. बकेट वर येताना शिम तेलाने आत चिकटून येते आणि अर्ध्या वाटेत सुटते, म्हणून दुसरा हात खाली धरा. हेडही काढणार असाल तर ते सपाट टेबलावर पालथं ठेवू नका. कॅम जागेवर असेल तर उघडे व्हॉल्व्ह खाली डोकावतात आणि वाकतात. दोन्ही टोकांना लाकडी ठोकळे द्या.

ब्लॉकमधल्या कॅमसाठी तयारी निराळी. पुश रॉड (टॅपेटचा धक्का वर रॉकरकडे नेणारे दांडे) काढताना जाड पुठ्ठ्याला आकडे घालून भोकं पाडा आणि त्यात ओळीने खोचा. डिस्ट्रिब्युटरचा ड्राइव्ह शाफ्ट आधी निघायला हवा. ए-सिरीजमध्ये त्याला वरून आटे आहेत, 5/16 यूएनएफचा साडेतीन इंची बोल्ट त्यात फिरवून तो वर ओढून घ्यायचा. कॅमवर चालणारा फ्युएल पंपही काढा. बाजूला झाकणं नसलेल्या 1275 सीसीच्या ए-सिरीज ब्लॉकमध्ये टॅपेट वरून निघत नाहीत, म्हणून इंजिन उलटं ठेवून कॅम काढावा लागतो. नाहीतर टॅपेट लोबमागे घसरून शाफ्ट अडवतात. शाफ्ट ओढताना त्याच्या नाकात लांब बोल्ट बसवा, धरायला मूठ मिळते. शेवरोलेच्या स्मॉल-ब्लॉकला तीन 5/16-18चे (5/16 इंची, इंचाला 18 आटे) बोल्ट चालतात. शाफ्ट हळूहळू फिरवत, आडवा तोलून बाहेर घ्या. लोबची कड बेअरिंगच्या मऊ धातूला लागली की चरा पडतो.

टॅपेट आणि लोब एकमेकांशी घासून जुळलेले असतात. जुना टॅपेट जुन्याच लोबखाली जातो. कॅम नवा घालणार असाल तर टॅपेटही नवे मागवा. नव्या लॉक पट्ट्या, गॅसकेट, सील आणि मॉलिब्डेनमची असेंब्ली पेस्ट काढतानाच घरात हवी. निघालेला शाफ्ट पुसून, तेल लावून, दोन व्ही-ब्लॉकवर ठेवा आणि लोबची उंची लगेच मोजून त्याच तक्त्यात लिहा.

शाफ्ट परत घालण्याआधी क्रँक असा ठेवा की एकही पिस्टन वर नसेल: चार सिलिंडरच्या सरळ इंजिनात टीडीसीपासून 90 अंश, सहाच्यात 60. फिरवताना चेन हाताने ताणून धरा, नाहीतर ती खालच्या स्प्रॉकेटवर गोळा होते. कॅम खुणांवर आले की त्याच वाटेने क्रँक टीडीसीला परत आणा. नवा कॅम आणि सपाट टॅपेट असतील तर इंजिन सुरू झाल्याबरोबर साधारण 2000 आरपीएमवर वीसेक मिनिटं चालावं लागतं, आयडलवर रेंगाळून चालत नाही. म्हणून रेडिएटरमध्ये पाणी, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल, झिंकचं प्रमाण चांगलं असलेलं ऑइल आणि जुळवलेलं इग्निशन टायमिंग, हे सगळं पहिली चावी फिरवण्याआधी तपासा.