गाडी उभीच आहे ना, मग विमा कशाला? या चुका टाळा

मामेभाऊ वर्षभराच्या कामावर दुबईला गेला. स्विफ्ट सोसायटीच्या पार्किंगमध्ये ठेवली, वर कव्हर घातलं, बॅटरीची वायर काढली. विमा मात्र सोडून दिला. म्हणे, "चालणारच नाही तर हप्ता कशाला भरू?" परत आला तेव्हा गाडी ठणठणीत होती, बोनस मात्र शून्य.

पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण केलं नाही, तर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो. सलग पाच वर्षं क्लेम न घेता ५० टक्क्यांवर पोचलेली सूट पुन्हा शून्यावर येते आणि मग दर वर्षी एक पायरी: २०, २५, ३५, ४५ आणि ५०. समजा, सूट न धरता ओन डॅमेजचा (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा) हप्ता ८,००० रुपये आहे आणि तो तसाच राहिला. परतल्यावर पहिल्या वर्षी ४,००० जास्त, मग २,४००, २,०००, १,२०० आणि ४००. झाले १०,०००. वाचवले किती? ओन डॅमेजचे ४,००० आणि थर्ड पार्टीचे साडेतीन हजारांच्या आसपास.

शिवाय खंड पडला की फुल इन्शुरन्ससाठी (ओन डॅमेज आणि थर्ड पार्टी दोन्ही) गाडीची तपासणी आली. हल्ली ती बहुतेक मोबाइलवर व्हिडिओ काढून होते, त्यात गाडी सुरू करून किलोमीटरचा आकडा दाखवावा लागतो. बॅटरी मेलेली असेल तर आधी मेकॅनिक शोधा. पॉलिसी ऑनलाइन भरता येते, दुबईहूनही.

दुसरी चूक जरा शहाणपणाची वाटते: "फक्त थर्ड पार्टी ठेवू." माझ्या मते ही उलटी काटकसर. थर्ड पार्टी म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान. उभ्या गाडीला भीती कशाची? चोरी, आग, पूर, अंगावर पडणारं झाड. हे सगळं ओन डॅमेजमध्ये येतं. जुलै २०२१ मध्ये चिपळूणला आणि जुलै २०२४ मध्ये पुण्याच्या एकता नगरीत पाण्याखाली गेलेल्या कितीतरी गाड्या जागेवरच उभ्या होत्या.

पाणी ओसरल्यावर "सुरू होते का बघू" म्हणून चावी फिरवू नका. इंजिनात पाणी असताना स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि इंजिन प्रोटेक्ट हे ॲड-ऑन नसेल तर तो खर्च साध्या पॉलिसीत सहसा मिळत नाही. फोटो काढा, कंपनीला कळवा, टो करून न्या.

उलट, थर्ड पार्टी अजिबात नको असं समजणंही चूक. गाडी गेटबाहेर रस्त्यावर लावली असेल तर ती सार्वजनिक जागेतच आहे. १९८७ मध्ये पुणे-बंगळूर महामार्गावर टक्कर होऊन कलंडलेल्या पेट्रोल टँकरचा काही तासांनी स्फोट झाला. भरपाईच्या खटल्यात 'टँकर तर हलतही नव्हता' हा मुद्दा निघाला. वाहन थांबलेलं असलं तरी तो त्याचा 'वापर'च, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये दिला.

वॉचमनला किंवा भाच्याला "आठवड्यातून एक चक्कर मार" सांगून चावी देता? आधी लायसन्स बघा. ते नसताना ठोकली तर स्वतःच्या गाडीचा क्लेम गेला म्हणून समजा. चोरीच्या क्लेमला कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते, म्हणून दुसरी कुठे आहे तेही लक्षात ठेवा.

उतरलेली बॅटरी, नुसत्या उभं राहून खराब झालेले टायर हे विम्यात बसत नाही. उंदरांनी वायरी कुरतडल्या तर कंपनीनुसार उत्तर बदलतं. मिळत असलं तरी हिशेब करा: १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले १,००० रुपये तुमचेच, आणि बोनस जातो तो वेगळा. दोन-तीन हजारांच्या बिलासाठी मी तरी क्लेम टाकणार नाही.

हप्ता खरंच कमी करायचा असेल तर किलोमीटरवर आधारलेली पॉलिसी बघा. विमा नियामकाने २०२२ पासून तिला परवानगी दिली आहे. घेण्याआधी एकच विचारा: किलोमीटर संपले तर उभ्या गाडीला चोरी आणि आगीचं संरक्षण चालू राहतं का? उत्तर ईमेलवर घ्या.